कुलीचा ठोसा, पन्हाळ्याचा तट आणि आपलं नागपुरी ऊन

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी शूटिंगला जाते, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या एका मे महिन्यातली गोष्ट. ओळखीतल्या मुलाची शॉर्ट फिल्म होती. हिंगण्याकडे एका शेतात शूटिंग. मला बोलावलं होतं ते गावच्या पाटलाचा दोन मिनिटांचा रोल करायला. डोक्यावर पागोटं, अंगात कोट, वर सूर्य. दुपारचे अडीच वाजले होते. रिफ्लेक्टर धरून एक पोट्टा उभा होता, विशीच्या आतला. सकाळपासून तो उन्हातच. मधे एकदा म्हणाला, "भाऊ, लय तपून राह्यलं. थोडा सावलीत बसू का?" दिग्दर्शक म्हणाला, "बस एक शॉट, मग ब्रेक."

एकाचे चार झाले. पाचव्या शॉटला रिफ्लेक्टर हलला, म्हणून सगळे ओरडले. तेवढ्यात पोरगा आडवा झाला.

नशीब चांगलं. कोणी पाणी ओतलं, कोणी खिशातला कांदा नाकाशी धरला, कोणी गाडीतला एसी लावून त्याला आत निजवलं. तासाभरात सावरला. संध्याकाळी पॅकअप झाल्यावर टपरीवर चहा पिताना हीच गोष्ट रंगवून सांगितली गेली. "पोट्ट्यानं जीव लावला ना पिक्चरसाठी!" सगळे हसले. तोही लाजून हसला. मीही हसलो.

घरी येऊन आंघोळ करताना मात्र ते हसणं टोचायला लागलं. त्या पोराने तर आधीच सांगितलं होतं. धोका काय आहे, हे त्या शेतावर सगळ्यात आधी त्याला कळलं होतं. पण त्याच्या शब्दाला सेटवर किंमत नव्हती. ज्याच्या शब्दाला किंमत होती, त्याला फक्त शॉट दिसत होता.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार घोळतोय. आपल्या सिनेमाच्या इतिहासात शूटिंगवरचे अपघात आपण कसे सांगत आलो? जरा मागे जाऊन बघू.

पहिल्या सिनेमापासून

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला. तो १९१३ मध्ये लोकांसमोर आला. त्यात रोहिदासाचं काम त्यांच्याच मुलाने, भालचंद्रने, केलं होतं. फाळक्यांच्या आठवणींमध्ये एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. शूटिंगच्या मुक्कामी खेळताना हा पोर दगडावर पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. बरोबरचे लोक म्हणाले, काम थांबवू, मुलाला शहरात नेऊ. पण सिनेमात रोहिदास मृत पडलेला दाखवायचाच होता. फाळक्यांनी प्रथमोपचार केले आणि त्याच अवस्थेत तो प्रसंग चित्रित करून घेतला.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. "काय ती निष्ठा!" निष्ठा होतीच, त्यात वाद नाही. त्या माणसाने विमा पॉलिसी गहाण टाकली, स्वतःचे डोळे जवळपास गमावले होते, घरदार पणाला लावलं. सरस्वतीबाई फाळके दिवसभर युनिटचा स्वयंपाक करून रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडत बसायच्या. ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली तर भडकणारी. मला फाळक्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. १९१२ साली असला विचार जगात फारसा कोणीच करत नव्हतं. पण आपल्या सिनेमाच्या पहिल्याच शूटिंगमध्ये अपघाताचा शॉट झाला आणि शॉटची दंतकथा झाली, एवढं लक्षात ठेवा. पुढची शंभर वर्षं आपण तेच गिरवलं.

आपल्या विदर्भाशी जोडलेलं उदाहरण घ्या. भगवानदादा अमरावतीत जन्मलेले. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये त्यांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. नवखेपणात थप्पड खरीच आणि जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. तोवर त्या नायिका होत्या. परत आल्या त्या खाष्ट सासू म्हणून. आपण काय सांगतो? "बघा, संकटाचं सोनं केलं." सोनं त्यांनी केलं हे खरंच. पण थप्पड कशी मारायची, किती अंतरावरून, कॅमेरा कुठे ठेवला म्हणजे हात न लागताही ती खरी वाटेल, याची तालीम झाली असती तर सोनं करायची वेळच आली नसती. हे वाक्य त्या गोष्टीत कधी येत नाही.

'मदर इंडिया' १९५७ चा. सुरतजवळच्या उमरा गावात गवताच्या गंजींना आग लावून शूटिंग चाललं होतं. वारा फिरला, आग पसरली, नर्गिस मध्ये अडकल्या. सुनील दत्त आगीत शिरले, दोघंही भाजले. वर्षभरात दोघांचं लग्न झालं. या आगीची आपल्याकडे प्रेमकथा झाली. वारा फिरला तर काय करायचं, हे आधी कोणी ठरवलं होतं का, असं कोणी विचारलं नाही.

त्याच वर्षी व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. त्यात बैलाशी झुंज आहे, ती त्यांनी स्वतः केली आणि डोळ्यांना गंभीर इजा करून घेतली. डोळ्यांवर पट्टी बांधून दिवस काढावे लागले. त्या अंधारात सुचलेल्या रंगांतून पुढे 'नवरंग' आला, हे त्यांनीच सांगितलंय. पुन्हा गोष्ट सुंदर, आणि पुन्हा बैल विसरला गेला.

जुलै १९८२: दोन देश, दोन अपघात

आता ज्या आठवड्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, तो आठवडा.

२३ जुलै १९८२. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'ट्वायलाइट झोन' सिनेमाचं रात्रीचं शूटिंग. युद्धाचा प्रसंग, वर हेलिकॉप्टर, खाली स्फोट. स्फोटामुळे हेलिकॉप्टरचा तोल गेला आणि ते खाली असलेल्या कलाकारांवर कोसळलं. अभिनेता विक मॉरो आणि दोन लहान मुलं जागच्या जागी गेली. पुढे उघड झालं की त्या मुलांना परवाना न घेता, कायदा डावलून, रात्रीच्या कामावर आणलं होतं.

त्याच सुमारास, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, इकडे बंगळुरूमध्ये 'कुली'चं शूटिंग चाललं होतं. पुनीत इस्सरचा ठोसा, अमिताभची उडी आणि टेबलाचा कोपरा. अंदाज चुकला, पोटात मार बसला. दुखापत किती खोल आहे हे सुरुवातीला उमगलंच नाही. आतडं फाटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मुंबईला ब्रीच कँडीत हलवलं. २ ऑगस्टला डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती. म्हणून तो दिवस ते आजही दुसरा जन्मदिवस मानतात. देशभर पूजा झाल्या, नवस बोलले गेले. आमच्या पिढीतल्या लोकांना तो ऑगस्ट आठवतो, रेडिओच्या बातम्यांना कान लावून बसलेलं अख्खं घर आठवतं.

दोन्ही अपघातांनंतर काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

तिकडे दिग्दर्शक जॉन लँडिस आणि इतर चौघांवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९८७ मध्ये ते सुटले. पण खटल्याच्या निमित्ताने सगळा धंदा हादरला. हेलिकॉप्टर किती अंतरावर असावं, स्फोटाची माहिती कोणाकोणाला आधी द्यावी, लहान मुलांच्या कामाचे तास किती, यावर सुरक्षेची पत्रकं निघाली, समित्या कामाला लागल्या.

इकडे मनमोहन देसाईंनी सिनेमाचा शेवट बदलला, नायक जगला. आणि १९८३ मध्ये 'कुली' लागला तेव्हा नेमक्या त्या ठोशाच्या जागी चित्र थांबलं, पडद्यावर अक्षरं आली: इथेच ती दुखापत झाली. थिएटरात लोक उभे राहिले.

तिकडे अपघाताने नियम वाढले. इकडे फ्रेम थांबली, आणि तिथेच सगळं थांबलं.

तिकडेही सगळं आलबेल झालं असं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट'च्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या. त्याच दिवशी काही तास आधी कॅमेऱ्याच्या टीममधले काही लोक सेट सोडून गेले होते, कारणांमध्ये सुरक्षेची तक्रार होती. म्हणजे तिथेही कोणाला तरी दिसलं होतं, बोलूनही झालं होतं. ऐकलं गेलं नाही. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला मात्र पुढे तुरुंगवास झाला. कोण जबाबदार, हे विचारायची सवय तिथे आहे, एवढा फरक.

आणि एक गोष्ट. 'कुली'च्या वेळी अमिताभना सुमारे दोनशे रक्तदात्यांचं रक्त चढवलं गेलं. त्यातून हेपटायटिस बीचा विषाणू शरीरात गेला आणि पुढे कित्येक वर्षांनी कळलं की यकृताचा बराचसा भाग निकामी झालाय. हे ते स्वतःच जाहीरपणे सांगतात. एका चुकलेल्या उडीचा हिशेब इतका लांब चालतो. तोच माणूस २०१८ च्या हिवाळ्यात 'झुंड'साठी आपल्या नागपुरात आला, आपल्याच पोट्ट्यांसोबत उभा राहिला. आपण सेल्फी काढले. हा इतिहास कोणी विचारला नाही.

म्हैसूर, १९८९

'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' १९९० मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा आपण घरोघरी बघितली. तिच्या आधी काय झालं होतं ते किती जणांना ठाऊक आहे?

८ फेब्रुवारी १९८९. म्हैसूरचा प्रीमियर स्टुडिओ. आतमध्ये सेट, प्रचंड दिवे, शेकडो माणसं. आग लागली. ६२ माणसं मेली. आपल्या देशात शूटिंगच्या ठिकाणी इतकी मोठी दुर्घटना दुसरी नाही. नंतर जी कारणं समोर आली ती वाचून चीड येते: आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेलं गोणपाट, सैल वायरिंग, मोठ्या दिव्यांची भयंकर उष्णता, हवा खेळायला अपुरी जागा, आग विझवायच्या साधनांची बोंब.

यातली एकही गोष्ट अचानक झालेली नव्हती. गोणपाट आदल्या रात्री आकाशातून पडलं नव्हतं. ते लावणारा माणूस होता, वायर ओढणारा माणूस होता, दार कुठे आहे आणि कुठे नाही हे रोज बघणारे शेकडो लोक होते. धोका भिंतीवर टांगलेला होता. फक्त "हे पेटलं तर?" असं विचारणं कोणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

संजय खान भयंकर भाजले, सत्तरहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तरी परत येऊन मालिका पूर्ण केली. त्यांची जिद्द खरी. पण ६२ पैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? मलाही येत नाही.

ज्यांच्या दंतकथा होत नाहीत

इथे गोष्ट बदलते. नायकाला लागलं तर आख्यायिका होते. बाकीच्यांना लागलं तर पान पाचवर दोन कॉलम.

नोव्हेंबर २०१६. बंगळुरूजवळ थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्ती गुडी' या कन्नड सिनेमाचा क्लायमॅक्स. हेलिकॉप्टरमधून तिघांनी पाण्यात उडी मारली. नायक वाचला, दोघं खलभूमिका करणारे कलाकार बुडाले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. उडीच्या आधी कॅमेऱ्यासमोर बोलताना त्यांनीच सांगितलं होतं की भीती वाटते, पोहणं बेताचंच येतं. म्हणजे धोक्याचा लेखी नव्हे, चक्क रेकॉर्ड केलेला पुरावा उडीच्या आधीच तयार होता. तरी "अ‍ॅक्शन" म्हटलं गेलं.

फेब्रुवारी २०२०. चेन्नईत 'इंडियन २'च्या सेटवर दिव्यांची क्रेन कोसळली, तीन माणसं गेली.

मार्च २०२३. आपल्याच महाराष्ट्रात, पन्हाळगडावर 'वेडात मराठे वीर दौडले सात'चं शूटिंग. घोड्यांची देखभाल करायला आलेला १९ वर्षांचा मुलगा सज्जा कोठीजवळच्या तटावरून खाली पडला. फोनवर बोलून परतताना पडला, अशा बातम्या आल्या. काही दिवसांनी दवाखान्यात गेला. बघा, तो स्टंट करत नव्हता. कॅमेराही त्याच्यावर नव्हता. तो फक्त गडावर होता. आणि गडाचा तट हा गडावरच्या प्रत्येकासाठी धोका असतो, एकट्या नायकासाठी नाही.

एप्रिल २०२५. साताऱ्याजवळ संगम माहुलीला 'राजा शिवाजी'च्या गाण्याचं शूटिंग. गाण्यात रंग उधळला होता. शूटिंग आटोपल्यावर एक तरुण नर्तक हातपाय धुवायला कृष्णेत उतरला आणि वाहून गेला. दोन दिवसांनी मृतदेह सापडला. पुन्हा तेच. शॉट संपला होता, पण नदी संपली नव्हती.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याच्या स्टंटमध्ये एक अनुभवी स्टंटमन गेला. त्यानंतर अक्षयकुमारने साडेसहाशेच्या आसपास स्टंट कलाकारांचा विमा उतरवल्याची बातमी आली. चांगलं केलं. पण जे काम निर्मात्याचं आणि व्यवस्थेचं, ते एका नटाच्या दानतीवर सोडायचं?

या सगळ्या घटनांची यादी केली तेव्हा मला तीन गोष्टी दिसल्या. एक, स्टंटमध्ये जितकी माणसं जातात तितकीच स्टंटच्या आजूबाजूला जातात: वाट बघताना, सामान उचलताना, हात धुताना, रात्री गाडीने परतताना. दोन, आग, पाणी, उंची, वीज, जनावर, वाहन आणि थकवा, बहुतेक सगळं या सात शब्दांत बसतं. नवीन काहीच नाही. तीन, पगार जितका कमी तितका माणूस धोक्याच्या जवळ उभा, आणि बोलायला तितकाच लांब.

कायदा काय म्हणतो

१९८१ साली सिनेकामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. लेखी करार हवा, हे त्याचं मुख्य सूत्र. आता तो कायदा कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांवरच्या २०२० च्या संहितेत सामावला गेलाय. अशा १३ कायद्यांची ती एक मोट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. सिनेमाच नाही तर मालिका, वेब सिरीज असं सगळं "दृक्-श्राव्य काम" त्यात येतं, आणि करारात मजुरीबरोबर सुरक्षा, कामाचे तास, सोयी यांचाही उल्लेख हवा.

लहान मुलांबद्दल तर नियम आणखी स्पष्ट आहेत. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नागपुरात दर आठवड्याला कुठे ना कुठे लहान मुलांना घेऊन शूटिंग चालतं. किती जण सिव्हिल लाइन्सला जाऊन ही परवानगी घेतात? प्रामाणिकपणे स्वतःलाच विचारा.

आणि करार? आपल्याकडे करार म्हणजे "ये ना भाऊ, जेवण आणि पेट्रोल देतो." यात भरपाई कोणाकडे मागणार?

मग करायचं काय? दोन पानी कागद

युरोप-अमेरिकेत शूटिंगच्या आधी जोखमीचा कागद भरतात. ब्रिटनमध्ये तर १९७४ च्या सुरक्षा कायद्यापासून ही शिस्त रुजत गेली. नाव भारी वाटतं, पण आत पाचच प्रश्न असतात, आणि आपल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलीजवळ रांगणाऱ्या पोराकडे बघत हेच प्रश्न विचारलेत:

१. इथे इजा कशाने होऊ शकते?
२. कोणाला होऊ शकते?
३. ती टाळायला आत्ता काय करतोय, आणि आणखी काय करता येईल?
४. ते कोण करणार आणि कधी? नाव लिहा.
५. परिस्थिती बदलली तर पुन्हा कोण बघणार?

यात एक क्रम पाळायचा. आधी बघायचं, धोका काढूनच टाकता येतो का. नाही तर कमी करता येतो का. शेवटी जॅकेट, हेल्मेट, दोरी. आपण नेमके उलटे वागतो. आधी "हेल्मेट घाल ना बे" म्हणतो, आणि तट तसाच उघडा ठेवतो.

नागपूरपुरतं हे भरून बघू.

ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. (२०२४ मध्ये ५६ अंश झाले म्हणून देशभर बोंब उठली, ते यंत्र बिघडलेलं निघालं. पण खरा आकडा पुरेसा आहे, खोट्याची गरज नाही.) आणि हा आकडा सावलीतला असतो. उन्हात, जरीच्या अंगरख्यात, रिफ्लेक्टरच्या झोतात त्यापेक्षा कितीतरी जास्त भाजतं. महापालिकेचा उष्माघात कृती आराखडा २०१६ पासून आहे. दुपारी बाहेरची कामं टाळा, हा त्याचा गाभा. तो गवंड्याला लागू आणि लाइटबॉयला नाही, असं थोडंच आहे? एप्रिल-मेमध्ये बाहेरचे शॉट सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर. मधल्या वेळात आतले प्रसंग. धोका काढून टाकला, एक पैसा लागला नाही. ते जमलंच नाही तर सावलीचा मांडव, पाणी, मीठ-साखर, आणि उन्हात उभ्या माणसाची दर वीस मिनिटांनी पाळी बदल. कोणी असंबद्ध बोलू लागला, भोवंडला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा: आधी अंग थंड करा, ओले कपडे, पंखा, आणि लगेच १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि कांदा खिशातच राहू द्या.

पाणी. अंबाझरी, फुटाळा, खिंडसी, सगळीकडे प्री-वेडिंग आणि रील्स. जुलै २०१७ मध्ये अमरावती रोडवरच्या वेणा तलावात नावेतून फेसबुक लाइव्ह करणाऱ्या तरुणांची नाव उलटली, त्यातले बहुतेक परत आले नाहीत. ते व्हिडिओतले हसरे चेहरे आपण सगळ्यांनी बघितलेत. तेही एक शूटिंगच होतं, फक्त निर्माता नव्हता. पाण्याजवळ शूटिंग असेल तर जॅकेट, दोर, पट्टीचा पोहणारा आणि स्थानिक भोई हवाच. आणि पॅकअप झाल्यावर हातपाय धुवायला बादलीभर पाणी काठापासून लांब. सातारा आठवा.

उंची. नगरधनचा किल्ला, रामटेकचा गड, जुने वाडे. कठड्याजवळ पट्टी बांधा, रात्री दिवा लावा, आणि त्या पट्टीच्या अलीकडेच जेवण-चहाची जागा ठेवा. भिंतीवर आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशी बघा. ड्रोन उडवणाऱ्यांनी तर हमखास बघा.

वीज. जनरेटरचं अर्थिंग, वायरवर पाणी नाही, क्रेन किंवा लांब दांडीच्या वर तार नाही. घोडा-बैल असेल तर त्याच्या मालकाचा शब्द शेवटचा. आणि रात्री दोनला पॅकअप झालं तर सकाळपासून राबलेल्या पोराच्या हातात टेम्पोची चावी नाही.

एवढंच. दोन पानं. चहाच्या एका कपात भरून होतात.

पण खरी ओळ अजून राहिली. त्या कागदाच्या शेवटी असं लिहिलेलं हवं: "सेटवरच्या कोणालाही, स्पॉटबॉयपासून नायिकेपर्यंत, 'थांबा' म्हणता येईल, आणि थांबवल्याबद्दल त्याचं काम जाणार नाही." सकाळी पहिल्या शॉटच्या आधी सगळ्यांना गोळा करून ही ओळ मोठ्याने वाचायची. नारळ फोडतोच ना आपण? मग नारळ फोडल्यावर लगेच हे वाचायचं. नारळाने देव ऐकतो असं मानतो. या ओळीने माणसं एकमेकांचं ऐकतील.

हे आत्ताच का?

कारण रामटेकजवळ चित्रनगरी उभारायची सरकारची घोषणा झाली आहे. झाडीपट्टीचे कलाकार, आपल्या कॉलेजांतली पोरं, 'झुंड'ने डोळे दिपलेली वस्त्यांमधली मुलं, सगळ्यांना तिथे काम मिळावं असं मलाही मनापासून वाटतं. विदर्भाने मुंबईकडे बघत फार दिवस काढले. पण मुंबईकडून फक्त झगमगाट घ्यायचा नाही, धडाही घ्यायचा. २०१७ मध्ये चेंबूरचा आर. के. स्टुडिओ पेटला तेव्हा माणसं वाचली, पण राज कपूरच्या सिनेमांचे कपडे, वस्तू खाक झाल्या. २०२२ मध्ये अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरच्या सेटच्या आगीत एक जण गेला. या जुन्या चुका आहेत. त्या आपण नव्या जागेत नव्याने करायची गरज नाही.

नवी जागा म्हणजे कोरी पाटी. तिथे पहिल्या दिवसापासून जोखमीचा कागद दिल्याशिवाय परवानगी नाही, असा नियम करायला काय हरकत आहे? शूटिंगच्या परवानगीसाठी राज्यात एक खिडकी आहेच. त्याच खिडकीत हा आणखी एक कागद. आपल्या आमदार-खासदारांना, पालकमंत्र्यांना हे विचारा. चित्रनगरीचं भूमिपूजन होईल तेव्हा भाषणं खूप होतील. कोणीतरी उठून विचारलं पाहिजे: रुग्णवाहिका कुठे उभी राहणार, आणि सेटवरच्या शेवटच्या माणसाला 'थांबा' म्हणता येणार का?

तो रिफ्लेक्टरवाला पोट्टा परवा सक्करदऱ्याला भेटला. आता तो सहायक कॅमेरामन झालाय, खुशीत होता. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी तू नंतर पुन्हा काऊन नाही बोलला बे?" तो म्हणाला, "काका, दुसऱ्यांदा बोललो असतो तर पुढच्या पिक्चरला बोलावलं नसतं ना."

११० वर्षांचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आहे. त्या टपरीवर मी हसलो होतो, त्याची माफी मागायची होती. ती त्याच्याकडे मागितली. बाकीची ही पोस्ट लिहून मागतोय.

तुमच्यापैकी जे शूटिंग करतात, त्यांनी वरचे पाच प्रश्न उतरवून घ्या आणि पुढच्या वेळी भरून बघा. पुढच्या वेळी नारळ फोडाल तेव्हा त्या पोराला समोर बोलवा आणि ती ओळ त्यालाच वाचायला द्या.